ज्यानं म्हटलं, त्यालाच आणा

९ जानेवारी

दादा,

आधी एक आरोळी ठोकते, मग पत्र लिहिते. काढून टाकलं! न्यायाधीशांनी तुझं वाक्य खटल्यातून काढून टाकलं!

हं. आता सांग, कसा आहेस? रक्तदाब? गुडघा? फोन केला की माझा आवाज ऐकताच तू रिसीव्हर आपटतोस, म्हणून पत्र. पत्रंही तू फोडत नाहीस. वहिनी फोडते, स्वयंपाकघरातून मोठ्यानं वाचते, आणि तू पेपर तोंडासमोर धरून, न ऐकल्यासारखं करत, शेवटपर्यंत ऐकतोस. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. वहिनी, आज जरा खड्या आवाजात वाच, बातमीच तशी आहे.

तुझ्या मुलावरचा खटला सुरू झाला. "तुझ्या मुलावरचा" असं मुद्दाम लिहिलंय. त्याला घराबाहेर काढल्यापासून तू त्याला "तो तिच्याकडचा" म्हणतोस म्हणे. माझ्याकडचा तर माझ्याकडचा. पण आज तो फर्निचरच्या कारखान्याच्या मालकाचा खून केल्याच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभा आहे, आणि पुकारा होतो तेव्हा त्याच्या नावामागे बाप म्हणून तुझंच नाव घेतात.

पेपरात सगळं उलटसुलट आलं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. त्या दुपारी कारखान्यात त्याचं मालकांशी कडाक्याचं वाजलं. कारण काय, तर एका टेबलाचं पॉलिश खरवडून पुन्हा करायचं की तसंच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. आपला फटाका तो! उडाला, हातातला लाकडी हातोडा जमिनीवर आपटला आणि तडक माझ्याकडे निघून आला. संध्याकाळी मालक मागच्या गोदामात पडलेले सापडले. डोक्याला मार, अंगावर कोसळलेली फळ्यांची चवड, आणि थोड्या अंतरावर तो हातोडा. फळी लागून गेले की हातोडा लागून, हे डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येत नाही. पोलिसांना मात्र सांगता आलं, कारण सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, "तो पोरगा ना? तो तसलाच आहे."

आज शेजारच्या काचवाल्याची साक्ष होती. कारखान्याला आरसे पुरवतो तो. सरकारी वकिलांनी त्याला साखरेत घोळलेल्या आवाजात विचारलं, "आरोपी माणूस कसा आहे?" तर हा म्हणतो, "मी कशाला बोलू साहेब? त्याच्या सख्ख्या बापानंच सांगून ठेवलंय. मालक स्वतः मला म्हणाले होते, त्याचा बाप येऊन सांगून गेला, सांभाळून राहा, हा पोरगा एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार."

म्हणजे तू खरंच गेला होतास! त्याला नवीन नोकरी लागली आणि तू तिथे जाऊन हे बोलून आलास! मला आजवर वाटत होतं, लोक आपले मीठमसाला लावतात.

आमच्या वकीलबाई ताडकन उठल्या. एवढीशी बाई, काळ्या कोटात हरवल्यासारखी दिसते, पण आवाज बघ! "हे निव्वळ ऐकीव आहे. बाप मालकांना म्हणाला, मालक याला म्हणाले, आणि हा कोर्टाला सांगतोय. मी उलटतपासणी घेऊ कुणाची? आणि आरोपी कसा आहे हा इथे प्रश्नच नाही. त्यानं हे केलं का, एवढाच प्रश्न आहे."

मला तर लगेच उमगलं. जन्मभर शाळेत पीटी शिकवली, रिले शर्यती घेतल्या. काठी तिसऱ्या गड्याच्या हातात येईपर्यंत तिला सगळ्यांच्या हाताचा घाम लागलेला असतो.

न्यायाधीशांना भयंकर सर्दी झाली होती. नाक पुसून ते म्हणाले, "ज्यानं म्हटलं तो जिवंत आहे ना? मग त्याचं बोलणं मी काचवाल्याच्या तोंडून ऐकणार नाही. आणि माणूस वाईट, म्हणून खूनही त्याचाच, असं या खोलीत चालत नाही. वगळा." टाइप करणाऱ्या बाईंनी वगळलं! मग सरकारी वकिलांनी "गल्लीत याला फटाका का म्हणतात" हे उकरून काढलं. तेही वगळलं! मी शिट्टी फुंकणारच होते, पर्समध्ये असतेच माझ्या, पण दारावरच्या शिपायानं डोळे वटारले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं होतं दादा तुझं. आज थोडक्यात निभावलं.

तुझी, तुला आवडो न आवडो,
धाकटी

१७ जानेवारी

दादा,

उद्या माझी साक्ष! बचाव पक्षाची पहिली साक्षीदार मी! नवे बूट घेतलेत. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून दिवसभर तालीम चाललीय.

त्या कपाटानंच तर सगळं अडलंय. भांडून आला तेव्हा फटाक्यानं ह्याच कपाटाचं दार बसवायला घेतलं. राग आला की त्याला हाताला काम लागतं. दिवेलागणीपर्यंत तो इथेच, जमिनीवर फतकल मारून, तोंडात स्क्रू धरून. आणि मालकांच्या बायकोनं स्वतः कोर्टात सांगितलंय, की दुपारच्या चहानंतर त्यांचा घरी फोन आला होता. म्हणजे तेव्हा मालक जिवंत होते आणि फटाका माझ्या डोळ्यांसमोर होता. दाराची मूठ तेवढी लावायची राहिली. ती लावणार, तोच पोलीस आले. अजून त्या भोकात बोट घालूनच मी कपाट उघडते.

वकीलबाईंनी मला समोर बसवून पढवलंय. खोटं नाही हं, उलट फार खरं बोलू नका असं. "तो कधी आला, काय करत होता, कधीपर्यंत होता. विचारेन तेवढंच सांगायचं. आणि त्याचं कौतुक करायचं नाही. एक अक्षरसुद्धा नाही." मी म्हटलं, "अहो, कौतुक केलं तर बिघडलं कुठे?" तर म्हणाल्या, "आपण त्याच्या चांगुलपणाचा विषय काढला नाही, तोवर सरकारी वकिलांना त्याच्या वाईटपणाचा काढता येत नाही. ते दार बंद आहे. तुम्ही कृपा करून उघडू नका." मी म्हटलं, "छे! मी काय दूधखुळी आहे?"

काल तुरुंगात जाऊन त्याला भेटून आले. जाळीच्या पलीकडे तो, अलीकडे मी, आणि दोन्हीकडची माणसं एकदम ओरडत असतात. मला काही अडचण नाही, माझा आवाज मैदानावर तयार झालेला. त्याचं मात्र काही ऐकू येत नव्हतं. गळपटलाय. मी म्हटलं, काचवाल्याची कशी जिरवली! तर हसला नाही. जाळीला तोंड लावून म्हणाला, "आत्या, बाबा कारखान्यात आले होते हे मला कधीच माहीत नव्हतं. मालकांना पहिल्यापासून माहीत होतं. ऐकूनही त्यांनी मला ठेवलं. हातात पटाशी दिली, पॉलिश शिकवलं, गोदामाची किल्ली दिली. एकदाही बोलून दाखवलं नाही." मग त्याचा चेहरा असा काही झाला, की मी उगाचच घड्याळात बघत बसले. "मी त्यांना मारीन का गं?" म्हणाला.

हे वाचून झालं की वहिनीनं थोडं थांबावं. मग पुढचं वाचावं. पुढचं काही नाही, शुभेच्छा दे एवढंच आहे.

धाकटी

१९ जानेवारी

दादा,

साक्ष झाली. छान झाली. आवाज खणखणीत लागला. न्यायाधीश म्हणाले, "बाई, मी इथेच आहे, समोरच्या इमारतीत नाही." सगळे हसले. वेळ विचारली, सांगितली. कपाट विचारलं, सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, "तुम्ही त्याची आत्या, म्हणजे त्याच्याच बाजूनं बोलणार." मी म्हटलं, "आत्या आहे म्हणूनच कपाट फुकट करून घेत होते." पुन्हा सगळे हसले.

मध्ये थोडंसं इकडचं तिकडं झालं, ते काही विशेष नाही.

वकीलबाई मात्र तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. दाढ दुखत असेल. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी म्हटलं, चहा घेऊ या का, तर माझ्याकडे बघितलं आणि रिक्षात बसून निघून गेल्या. हल्ली थंडी पण फार आहे ना.

वहिनीला विचारायचं होतं, बुटांना पाणी लागलं तर आत कागद कोंबायचा की नाही?

धाकटी

२२ जानेवारी

दादा,

वहिनीनं म्हणे मागचं पत्र वाचलं आणि तू पेपरामागून बोललास, "ही काहीतरी लपवतेय." माझं अख्खं पत्र ऐकून तू तोंड उघडलंस, हेच पुष्कळ झालं! आणि हो, लपवतेय. दाढबीढ काही नाही. मी घाण केली.

वकीलबाईंनी साधा प्रश्न विचारला होता. "त्या दुपारी तो तुमच्याकडे आला तेव्हा कसा दिसत होता?" उत्तर होतं, घामाघूम. एवढंच. घामाघूम म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण मी पिंजऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती, सदरा खांद्यावर लोंबत होता, आणि सगळं कोर्ट त्याच्याकडे पिसाळलेल्या जनावराकडे बघावं तसं बघत होतं. मला राहवेना. "कसा म्हणजे काय? अहो, सोन्यासारखा पोरगा आहे! तोंडानं तडतडेल, पण उभ्या आयुष्यात त्यानं कुणाला बोट लावलेलं नाही! घरात झुरळ निघालं तर धरून बाहेर सोडतो! असा गरीब मुलगा शोधून सापडायचा नाही!" वकीलबाई हातानं खुणावत होत्या, बस, बस. मला वाटलं, रंगतंय, अजून बोला म्हणतायत. मी अजून बोलले.

सरकारी वकील इतके हळुवार उठले, की मला वाटलं अभिनंदन करायला येतायत. "महाराज, आरोपी गरीब स्वभावाचा आहे, हे आता बचाव पक्षानंच सांगितलं. मग तो कसा आहे हे दाखवायची आम्हालाही संधी मिळावी." न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, कीव आल्यासारखं. मग म्हणाले, "मिळेल." दार सताड उघडं! मी स्वतः जाऊन कडी काढून दिली!

शाळेत असं व्हायचं बघ. आपला संघ जिंकत असताना कुणीतरी अतिहुशार गडी आपल्याच गोलात चेंडू मारायचा. मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. साक्षीच्या दिवसापासून मी घरात फेऱ्या मारतेय.

काचवाल्याला पुन्हा बोलावतो म्हणाले सरकारी वकील. पण न्यायाधीश त्या बाबतीत पक्के. "नाही. ऐकीव ते ऐकीवच. बाप म्हणाला असं तुमचं म्हणणं ना? मग ज्यानं म्हटलं, त्यालाच आणा." बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, ही म्हण मी जन्मात इतकी शब्दशः पाहिली नव्हती.

तेव्हा दादा, समन्स तुझ्या नावानं निघालंय. या आठवड्यात दारात येईल. तुला यावंच लागेल आणि शपथ घेऊन सांगावं लागेल.

मला तुझी भीती वाटते. तू खोटं बोलशील याचं भय नाहीच. तू खरंच बोलशील, याचंच भय आहे. तुला विचारतील, म्हणालात का? तू म्हणशील, म्हणालो. वजनमापं तपासणारा माणूस तू, बाजारातले व्यापारी तुझी सावली दिसली की तराजू पुसायला लागायचे. तुझ्या तोंडून आलं की ते गल्लीतलं बोलणं राहणार नाही, पुरावा होईल. सख्खा बाप सांगतोय, म्हणजे झालंच की! त्या हातोड्यानं जे सिद्ध होत नाही ते तुझ्या एका "हो"नं होईल, आणि पोरगा जन्मभरासाठी आत जाईल.

आणि हे सगळं माझ्या झुरळामुळे.

धाकटी

२७ जानेवारी

दादा,

वकीलबाई माझ्याशी बोलल्या! एकच वाक्य, पण बोलल्या. "तुमचा भाऊ आता साक्षीदार आहे, त्याला खटल्याबद्दल एक ओळही लिहायची नाही." म्हणून हे पत्र खटल्याबद्दल नाही.

हवा चांगली आहे. खालच्या मजल्यावर रंगकाम चाललंय, जिन्यात उभं राहवत नाही. मला जरा खोकला झाला होता, आता बरा आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू लहानपणापासून म्हणतोस, तर बघ, आज कसा भिजतोय.

त्या दिवशी मी तुझ्याशी बोलणार नाही, बोलायचं नाही असं सांगितलंय. दुसऱ्या बाकावर बसेन. निळा कोट.

कोर्टाचा जिना चढायला अवघड आहे. कठडा डाव्या हाताला आहे, तुझा गुडघाही डावा. सावकाश चढ.

धाकटी

६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र वहिनीनं वाचायचं नाही. वहिनी, फोडलं असशील तर तसंच त्याच्या हातात दे. आणि दादा, चष्मा लाव, पेपर बाजूला ठेव आणि स्वतः वाच.

निर्दोष! निर्दोष सुटला! आज सकाळी! घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. आज मी शिट्टी वाजवली. तिथल्या तिथे, भर कोर्टात! शिपाई धावत आला आणि न्यायाधीश म्हणाले, "असू द्या, एवढी एक असू द्या."

पण आधी परवाचं सांगते. तू म्हणशील, मी तिथेच होतो की. होतास, पण तू संपूर्ण वेळ समोरच्या भिंतीशी बोलत होतास. माझ्या बाकावरून सगळं दिसत होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "हा मुलगा एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार, असं तुम्ही म्हणालात?" तू म्हणालास, "म्हणालो. शब्द न् शब्द." मी डोळे मिटून घेतले. "का म्हणालात?" "त्यानं शेजारच्या मुलाचा जबडा फोडला होता म्हणून." सरकारी वकील खाली बसले आणि पाय लांब करून टेकले. त्यांचं काम झालं होतं. माझ्या शेजारी काचवाला बसला होता, तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "बघा, मी सांगत नव्हतो?"

मग वकीलबाई उठल्या. मला वाटलं आता ह्या काय विचारणार, उरलंय काय? त्यांनी अगदी घरच्यासारखं विचारलं, "जबडा फोडताना तुम्ही पाहिलंत?" "नाही, मी कामावर होतो." "तुमच्या मुलानं तसं सांगितलं?" "नाही." "तुम्ही त्याला विचारलंत?"

तू कठडा धरलास. दादा, तू त्या भिंतीकडे बघतच बोललास.

"विचारलं नाही."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"गल्लीत सगळे म्हणत होते."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हीही ऐकलंच होतं."

"हो साहेब. ऐकलंच होतं."

काचवाल्यानं मालकांकडून ऐकलं, मालकांनी तुझ्याकडून, तू गल्लीकडून, आणि गल्लीनं कुणाकडून ते देवालाच ठाऊक. मी तिथे बसून विचार करत होते, हा माणूस आयुष्यभर लोकांचे तराजू पारखत हिंडला, आणि स्वतः कानाचा इतका हलका! राग आला होता तुझा. खूप आला होता. पण वकीलबाईंनी शेवटचं विचारलं, "नोकरीत असताना हातात न घेता, न तपासता, एखाद्या वजनावर शिक्का मारलात कधी?" तू म्हणालास, "कधीच नाही." त्या बसल्या. तुझं काम संपलं होतं. न्यायाधीश म्हणाले, उतरा. आणि तू उतरला नाहीस. कुणी विचारलं नसताना तू म्हणालास, "ह्याच्यावर मारला."

त्या बाईंनी ते टाइप केलं. कुणी "वगळा" म्हणालं नाही.

तिथे माझा राग संपला. आता तू काय पाहिलं नाहीस ते सांगते. तू भिंतीकडे बघतच खाली उतरलास आणि मधल्या वाटेनं दाराकडे निघालास. पिंजऱ्याजवळून गेलास तेव्हा तो उठून उभा राहिला. पोलिसानं खांदा दाबला तरी बसला नाही. तू कामावरून घरी यायचास तेव्हा अभ्यास सोडून उभा राहायचा ना लहानपणी, तसाच. तुझ्या मागे दार बंद होईपर्यंत उभा होता. तू वळला असतास तर दिसला असता. मी तुझ्या मागे धावले, पण तू जिना उतरून बसमध्ये चढलासही होतास. नको तेव्हा बरा चालतो तुझा गुडघा.

आज निकालात न्यायाधीश म्हणाले, माणूस कसा आहे याबद्दल या कोर्टानं पुष्कळ ऐकलं, आणि ते सगळं बाजूला केल्यावर उरतं काय? कारखान्यातला प्रत्येक कामगार वापरत असलेला एक हातोडा, सगळ्यांसमोर झालेलं एक भांडण, आणि खात्रीनं काही सांगू न शकणारे डॉक्टर. शिवाय एक कपाट, आणि आरोपीबद्दल नको इतकं बोलणारी एक आत्या, जिचं वेळेबद्दलचं म्हणणं मात्र कुणाला खोडता आलं नाही. मी उठून "धन्यवाद साहेब" म्हणणार होते. वकीलबाईंनी माझा पदर खाली ओढला आणि सोडलाच नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही दार उघडलंत म्हणून तुमचे भाऊ आत आले. पण पुन्हा असं करू नका." मग चहा घेतला. चक्क दोन कप!

फटाक्याला घरी आणलं. त्यानं आधी आंघोळ केली, मग स्क्रूड्रायव्हर मागितला आणि कपाटाची मूठ बसवली. मी चारदा दार उघडून बंद केलं, उगाच. तो म्हणाला, "आत्या, झिजवशील." किती दिवसांनी त्याच्या तोंडून वाकडं ऐकलं! बरं वाटलं.

मालकांच्या घरी जाऊन यायचं म्हणाला. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. त्यांच्या बायकोनं निकालानंतर त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून निघून गेली. तीही ऐकीवच धरून बसली असेल. तिला दोष कसा देऊ? मालक गेले ते परत येणार नाहीत.

मग जेवताना मी एक विचारलं. इतकी वर्षं माझ्या घरात राहतोय, पण कधी विचारलं नव्हतं. तुझ्यावर तोंडसुख घेणारी मी, मीही विचारलं नव्हतं. तो चांगला आहे हे मला ठाऊकच होतं ना, मग विचारायचं कशाला? म्हटलं, "बाळा, त्या शेजारच्या मुलाचा जबडा. खरं काय झालं होतं रे?"

त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, "आत्या, राग नको मानूस. ते बाबांना सांगेन. त्यांनी विचारलं तर."

तेव्हा काय झालं होतं ते मला माहीत नाही, दादा. बरंच झालं. मला सांगितलं असतं, तर मी दहा पानं भरून तुला लिहिलं असतं, झुरळासकट, आणि ते पुन्हा माझ्याच तोंडचं झालं असतं.

ह्या लिफाफ्यावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र पोस्टानं आलेलं नाही. ज्यानं ते तुझ्या दारात आणून दिलं, तो अजून उंबऱ्याबाहेरच उभा असेल. तू म्हटल्याशिवाय आत येणार नाही, मी ओळखते त्याला. वाचून झालं असेल तर घडी घाल, आणि विचार त्याला.

धाकटी